एक भाजेल, एक कोमट

बाबाजी मेस्त्रींचं पत्र आलं तेव्हा मी जेवत होतो. निळं आंतरदेशीय, अक्षर शाळकरी, प्रत्येक ओळ शेवटाकडे जरा वर चढलेली. मी ते डाव्या हाताने ताटाशेजारी ठेवलं आणि जेवण होईपर्यंत उघडलं नाही. मग उघडलं, वाचलं, पुन्हा घडी घातली. त्यात एकच प्रश्न होता. उत्तराला एक ओळ पुरली असती, आणि ती ओळ मला त्याच क्षणी ठाऊक होती. त्याला आता सतरा वर्षं झाली.

मी वेंगुर्ल्यात एका वाचनालयाचा ग्रंथपाल होतो. एकतीस वर्षं. पन्नाशीत शिडीवरून पडलो आणि डावा गुडघा नीट वाकेनासा झाला. निवृत्त झाल्यावर गोव्यातल्या एका जहाजावरच्या इंजिनियरची जुनी गाडी घेतली ती या गुडघ्यामुळेच. तिला क्लच नव्हता, गिअर आपोआप पडत. शेजारी हसले. एकट्या माणसाला गाडी कशाला, असंही कुणी म्हणालं असेल.

वाचनालयात माझ्या टेबलाच्या पलीकडे एकोणीस वर्षं शालिनी तिरोडकर बसत. त्या नव्या पुस्तकांची नोंद करत, मी तालिकेची कार्डं लिही. बोलायच्या त्या, ऐकायचा मी. त्या निवृत्त झाल्या आणि आजऱ्याला गेल्या. भाऊ वारला होता, वहिनी एकटी होती. वर्षभराने, फाल्गुनात, त्यांचं पत्र आलं.

‘अहो केळुसकर,’ त्यांनी लिहिलं होतं, ‘भावाची नऊशे पुस्तकं इथे खोक्यांत पडून आहेत. पुढच्या खोलीत वाचनालय काढतेय, अक्षय्यतृतीयेला. टेबल घेतलंय, दोन्ही बाजूंनी बसता येईल असं. एका बाजूला मी बसेन. दुसऱ्या बाजूचं काय करायचं, ते तुम्ही येऊन सांगा. अक्षय्यतृतीयेच्या आत. हो असो की नाही. पत्राने कळवू नका, पत्रात तुम्ही फार सुंदर नाही म्हणता.’

आजरा म्हणजे आंबोलीचा घाट चढून पुढे तासाभराचा रस्ता. एसटी होती. एसटीचा विचार मी का केला नाही, याचा विचार मी पुढे बराच केला.

त्याच आठवड्यात गाडी काढली. दाणोली मागे पडली, घाट सुरू झाला, आणि तिसऱ्या वळणावर इंजिन नुसतंच ओरडू लागलं. गाडी पुढे जाईना. जळक्या तेलाचा वास आला, समोर लाल दिवा लागला. तासभर दगडावर बसून राहिलो, मग उतारावरून हळूहळू खाली आलो. सावंतवाडीच्या वेशीवर, घाटरस्त्यालाच, बाबाजी मेस्त्रींचं गॅरेज होतं.

बाबाजी पन्नाशीचे, बुटके, मिशा पांढऱ्या आणि भुवया काळ्या. मी कधी कुणाला शिकवलं नव्हतं, पण चष्मा लावलेल्या कुणालाही ते मास्तरच म्हणत. त्यांनी गिअरबॉक्सचं तेल दोन बोटांत घेतलं, चोळलं, हुंगलं आणि माझ्या नाकाशी धरलं.

“काय वास येता, मास्तर?”

“करपल्याचा.”

“करपला नाय तर काय. ह्या तेल रेडिएटरात जाता, थंड होता, परत येता. घाटात रेडिएटरच उकळता. आपणच तापलेलो माणूस दुसऱ्याक काय थंड करतलो? ह्याका वेगळो कूलर लावक होयो. फुडे, वाऱ्यार.”

“म्हणजे कोणता?”

“तो बघूक लागतलो.”

“मग मी आधी वाचून बघतो,” मी म्हणालो.

बाबाजींनी बोटं फडक्याला पुसली. “वाचा. वाचून झाला काय या. पण कधी जावचा आसा वर?”

“अक्षय्यतृतीयेच्या आत.”

“दीड म्हयनो आसा. तेवढ्यात रामायण वाचून होता.”

मी कोल्हापूरच्या एका स्नेह्याकडून मोटार दुरुस्तीचा जाडजूड इंग्रजी ग्रंथ मागवला. कूलर दोन जातींचे असतात. एकात एकच नळी नागमोडी फिरवून तिला पातळ पत्रे लावलेले असतात. दुसऱ्यात चपट्या पेट्या एकावर एक रचलेल्या असतात. तो महाग, पण थंड जास्त करतो. गाडीचं वजन किती, चढ किती, हवा किती उष्ण, यावर आकार ठरवायचा. मी प्रत्येक मुद्द्याचं वेगळं कार्ड केलं. एकेचाळीस कार्डं झाली. मोठा घ्यावा तर तेल गरजेपेक्षा थंड राहील अशी शंका यायची, लहान घ्यावा तर घाटात पुन्हा तेच. रात्री ठरवलेलं सकाळी मोडायचं. आणि खरं सांगायचं तर त्या दीड महिन्याइतका आनंदात मी क्वचितच होतो. मी आजऱ्याला निघालेला माणूस होतो आणि अजून निघायचं नव्हतं.

एक दिवस फोन वाजला.

“मास्तर, तुमी कूलर बघतास काय लग्नाची पोरगी?”

एकटाच होतो, तरी कान तापले.

“आखातीज चार दिसांवर इली,” बाबाजी म्हणाले. “म्हापशासून दोन कूलर आणून ठेवलंय. येवा, बोट दाखवा, आणि मोकळे होवा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी कार्डांचा गठ्ठा घेऊन मी गेलो. बाकावर दोन्ही कूलर मांडले होते. मी पेट्यांच्या कूलरवर बोट ठेवलं. ग्रंथाचं मत तसंच होतं. बाबाजींनी तो उचलला आणि गाडीच्या जाळीमागे धरून दाखवला. हॉर्नला अडत होता, बॉनेटची कडी लागत नव्हती.

“हॉर्न काढूया?” ते गंभीरपणे म्हणाले. “घाटात वळणार तुमी तोंडान ओरडा.”

मग नळीचा कूलर धरला. तो बसला, आणि मागे बोटभर मोकळी जागा राहिली. “हयसून वारो जातलो. कूलर मोठो असान उपेग नाय, त्याका वारो गावूक होयो.”

मी एक कार्ड मागे सरकवलं. कूलरच्या खोक्यात प्लास्टिकच्या पट्ट्या होत्या, त्या सरळ रेडिएटरच्या जाळीतून ओवून कूलर बांधायचा असं कागदावर छापलं होतं. बाबाजींनी त्या कोपऱ्यात फेकल्या. “जाळीत भोसकूचा नाय. गाडी हलली काय घासतला, नि एक दिस रेडिएटर फुटतलो.” त्यांनी लोखंडी पट्टी कापली, वाकवली, भोकं पाडली, आणि कूलर गाडीच्या सांगाड्याला पक्का केला. मी स्टुलावर बसून बघत होतो. माझ्या अक्षराला लोक छान म्हणत. पण मी केलेल्या कुठल्या कामावर कुणाचं वजन पेललं गेलंय, असं मला एकही आठवेना.

मग पाइप जोडायची वेळ आली आणि मी माझं सोळावं कार्ड काढलं.

“मेस्त्री, ग्रंथात म्हटलंय, तेल आधी नव्या कूलरात न्यावं, मग रेडिएटरमध्ये. म्हणजे फार गार झालं तर रेडिएटर त्याला पुन्हा ऊब देतो.”

“खयचो ग्रंथ?”

“कॅनडात छापलाय.”

बाबाजींनी पाना खाली ठेवला. “मास्तर, तुमच्या ग्रंथातल्या गावात बर्फ पडता. आंबोलीत धुका पडता. आपल्याकडे आधी रेडिएटर, मगे कूलर. जाता जाता शेवटचो थंड करणारो आपलो.”

“पण दोन पायपांतला रेडिएटरकडून परत येणारा कोणता, हे कसं कळायचं? ग्रंथात आकृती आहे, पण ती वेगळ्या गाडीची…”

“हात लावन.”

त्यांनी इंजिन चालू केलं, ब्रेक दाबून गिअर टाकून बघितले, दहा मिनिटं तसंच ठेवलं. मग मला बोलावलं. बॉनेटखाली सगळं थरथरत होतं. पंखा फिरत होता. मी हात पुढे केला आणि मागे घेतला.

“घाबरतास कित्याक?” त्यांनी माझं मनगट धरलं. माझं मनगट कुणी धरून किती वर्षं झाली, ते मी मोजायला लागलो आणि थांबलो. “हलको हात लावा. पुस्तकाचा पान उलगडतास तसो.”

पहिला पाइप भाजला. मी हात झटकला. त्यांनी तो पुन्हा धरला आणि दुसऱ्यावर टेकवला. तो गरम होता, पण हात ठेवता येईल इतका.

“कळला? भाजता तो जाणारो. हो येणारो. कूलर ह्याच्यात लावचो.” मग पाना उचलता उचलता म्हणाले, “वर कोण आसा?”

“ओळखीच्या बाई आहेत. वाचनालय काढतायत.”

“बाई,” बाबाजी पान्याला म्हणाले. “मगे क्लिपा घट्टच करूक होयेत.”

तेलाला चालणारा जाड रबरी पाइप, चार क्लिपा, दुपारपर्यंत काम झालं. कूलरात तेल भरल्यामुळे आत कमी पडलं, ते त्यांनी इंजिन चालू ठेवूनच, तेल मोजायच्या पट्टीवर बघत पुन्हा पुरं केलं. मग मला समोर उभं केलं, मुलाला सांगावं तसं.

“घाट संपलो काय बाजूक थांबा. गाडी चालू ठेवा, बॉनेट उघडा, दोनय पायपांक हात लावा. एक भाजतलो, एक कोमट लागतलो. तसा आसला तर बिनघोर फुडे जावा, गाडी तुमका दिल्लीक नेतली. दोनय भाजले तर थयसूनच माघारी या. मगे माझा चुकला.”

“तुमचं चुकणार नाही.”

“ता हातान बघा. माझ्या तोंडार भरवसो ठेवू नकात.”

‘उद्या येतोय’ एवढं बाईंना फोनवर कळवलं आणि अक्षय्यतृतीयेच्या आदल्या दिवशी सकाळी मी निघालो. धुतलेला शर्ट, मागच्या सीटवर कोऱ्या कार्डांचे दोन खोके. बाईंना काय म्हणायचं ते एक वाक्य पाठ केलं होतं. ‘टेबलाची दुसरी बाजू मला द्या.’ प्रत्येक वळणावर ते म्हणून बघत होतो. दाणोलीला बरं वाटलं. अर्ध्या घाटात ते दुसऱ्या कुणाचं तरी वाटू लागलं. वर पोचेपर्यंत मी त्यात तीनदा बदल केला होता.

आंबोलीच्या स्टँडजवळ गाडी बाजूला घेतली. बॉनेट उघडलं. सांगितल्याप्रमाणे दोन्ही पायपांना हात लावला. मग इंजिन बंद केलं आणि समोरच्या फोनच्या बूथमध्ये शिरलो.

“कुठवर आलात?” बाईंचा आवाज. मागे खुर्च्या सरकवल्याचा आवाज येत होता. “वहिनी सकाळपासून तिसऱ्यांदा विचारतेय, पुरण किती घालू म्हणून. तुम्ही येताय असं मी तिला सांगितलंच नव्हतं, तिनेच ओळखलं.”

“मी आंबोलीला आहे.”

“मग तासाभरात आलातच.”

“गाडी तापलीय,” मी म्हणालो. “दोन्ही पाइप भाजतायत.”

खुर्च्यांचा आवाज थांबला.

“तिथेच थांबा. वहिनीचा भाचा जीप घेऊन येईल.”

“नको, नको. मेस्त्रींनी सांगितलंय, दोन्ही भाजले तर तिथूनच परत या म्हणून. त्यांच्या कामात काहीतरी राहिलंय.”

बूथवाल्याचं मीटर टकटक करत होतं.

“केळुसकर,” त्या म्हणाल्या, “धूर येतोय का?”

मी काचेतून गाडीकडे बघितलं. “हो.”

“मग जपून उतरा,” त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

पंधरा दिवसांनी बाबाजींचं पत्र आलं. वहिनीचा तो भाचा आजरा-सावंतवाडी जीप चालवायचा. त्याने घाटरस्त्यावर विचारत विचारत गॅरेज शोधलं होतं आणि चार गिऱ्हाइकांसमोर बाबाजींना ऐकवलं होतं की तुमच्या कामामुळे केळुसकर अर्ध्या रस्त्यात बसले, घरी पुरण वाया गेलं.

पत्र असं होतं: ‘केळुसकर मास्तर यांस बाबाजी मेस्त्रीचा नमस्कार. आपली गाडी घाटावर तापली असे कळले. दोन्ही पाइप भाजले म्हणजे माझे चुकले. पण काय चुकले ते समजत नाही. पाइप उलट लागले काय, आत कचरा बसला काय, तेल कमी पडले काय, सर्व डोक्यात येऊन जाते. आपण हात लावून पाहिले आहे, तरी कृपा करून कळवावे. ते समजल्याशिवाय दुसऱ्या कोणाच्या अशा गाडीला मी हात लावणार नाही. लोकांना घाटात अडकवणे बरे नव्हे.’

मी उत्तर दिलं नाही. खरं लिहिलं तर ते त्याच जीपमधून आजऱ्याला पोचलं असतं. खोटं लिहायला आणखी एक खोटं लागलं असतं. आज लिहू, उद्या लिहू, असं म्हणत मी ते पत्र घरातल्या माझ्या तालिकेच्या खणात ठेवलं, ‘म’ अक्षरात.

बाईंचं वाचनालय चाललं. दर दिवाळीला त्यांचं कार्ड यायचं. खाली शुभेच्छा, आणि वर एकच ओळ: ‘गाडी निवली का?’ मी उत्तरात शुभेच्छांना शुभेच्छा पाठवायचो. त्या ओळीला कधी काही लिहिलं नाही. सातव्या दिवाळीला कार्ड आलं नाही. संक्रांतीला वहिनींचं आलं, कोपरा फाडलेलं.

बाई गेल्यावर बाबाजींना खरं न सांगण्याचं कारणही उरलं नव्हतं. तरी नाही सांगितलं. आता इतक्या वर्षांनी कुणाला काय आठवतंय, असं मी स्वतःला समजावलं. गाडी मी बाजारापर्यंत आणि दवाखान्यापर्यंत वापरत राहिलो. घाटाकडे पुन्हा वळवली नाही.

या मार्गशीर्षात डॉक्टरांनी डोळ्यांमुळे गाडी चालवायला मनाई केली. कुडाळचे मुश्ताकभाई जुन्या गाड्या घेतात, त्यांना बोलावलं. ते आले, बॉनेट उघडलं, इंजिन चालू ठेवून खाली वाकले. क्लिपांखालून बोट फिरवलं आणि बोट बघितलं. कोरडं.

“काका, हा कूलर मागाहून बसवलाय. किती वर्षं झाली?”

“सतरा.”

“सतरा वर्षांत थेंब गळला नाही? कुणाचं काम हे?”

“सावंतवाडीचे बाबाजी मेस्त्री.”

मुश्ताकभाई हसले. “शक्यच नाही.”

“का?”

“अहो, म्हातारा ऑटोमॅटिकला हात लावत नाही. आता तर अर्ध्या गाड्या तसल्याच येतात. दारात आली की हात जोडतो. माझ्याच दोन परत पाठवल्यात. म्हणतो, एक केली होती, फसली, कुठे चुकलो ते कळलंच नाही. तुम्हाला नाव आठवत नसेल नीट.”

“अजून आहेत ते?”

“आहे की. गॅरेजच्या दारात बसलेला असतो. जाणाऱ्या-येणाऱ्याला मास्तर म्हणतो.” मुश्ताकभाई पुन्हा वाकले होते. त्यांनी एका पाइपला हात लावून पटकन काढला, मग दुसऱ्यावर ठेवला आणि तसाच राहू दिला. “बघा ना. एक भाजतोय, एक कोमट. फर्स्टक्लास काम आहे, काका. ज्याचं कुणाचं असेल.”

आंबोलीला माझ्या हाताला हेच लागलं होतं. एक पाइप भाजला. दुसऱ्यावर मी हात ठेवला, तो कोमट होता, आणि मी हात काढला नाही. खालून धुकं येत होतं. गाडी शांतपणे चालू होती, ती मला दिल्लीला नेणार होती. दीड महिना मला वाटत होतं की माझ्या आणि त्या टेबलाच्या मध्ये गिअरबॉक्स आहे. बाबाजींनी तो मधून काढून टाकला होता. आता मध्ये फक्त मी होतो. त्या कोमट पाइपवर हात ठेवून मी जितका घाबरलो, तितका शिडीवरून पडतानाही घाबरलो नव्हतो.

मुश्ताकभाई गाडी घेऊन गेले. मी खण उघडला, ‘म’ काढला, पत्र पुन्हा वाचलं. मग चालत पोस्टात गेलो. आंतरदेशीय मागितलं नाही, पोस्टकार्ड मागितलं. वाटेत कुणी वाचलं तर वाचू दे. तिथल्याच बाकावर बसून लिहिलं. पहिलं कार्ड वाया गेलं, त्यात मी फार सुंदर लिहायला लागलो होतो. दुसऱ्यावर एवढंच लिहिलं:

‘बाबाजी मेस्त्री यांस केळुसकरचा नमस्कार. तुमचं काही चुकलं नव्हतं. घाटमाथ्यावर एक भाजत होता, एक कोमट होता. गाडी आजऱ्याला गेली असती. मी गेलो नाही आणि नाव तुमचं घेतलं. कूलर आजही कोरडा आहे. लोकांच्या गाड्या परत पाठवू नका.’

कार्ड पेटीत टाकलं आणि खिडकीशी जाऊन विचारलं, “आज निघेल ना?”

“साडेतीनची पिशवी,” आतला माणूस मान वर न करता म्हणाला.

अडीच वाजले होते. घरी कुणी वाट बघणारं नव्हतं, आणि मी माझ्यावर भरवसा ठेवत नाही. बाकावर बसून राहिलो. साडेतीनला शिपाई आला, पेटीचं कुलूप काढलं, मूठभर पत्रं पिशवीत ओतली, पिशवीचं तोंड बांधलं. लाल गाडी आली आणि सावंतवाडीच्या रस्त्याने गेली. ती वळणाआड जाईपर्यंत बघितलं, आणि मग गुडघ्याला हात लावून उठलो.